बॅटरला बॉल लागला, आता पिचरला बाहेर काढायचं का? अंपायर कसं ठरवतात याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेची मेजर लीग बेसबॉल नवीन बघायला लागलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट कुठली असेल तर ही. एका मॅचमध्ये बॉल सरळ बॅटरच्या बरगडीत बसतो, तो कळवळतो, चालत फर्स्ट बेसवर (रन काढताना गाठायचा पहिला टप्पा) जातो आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पुढच्या बॅटरला बॉल टाकायला मोकळा. दुसऱ्या मॅचमध्ये बॉल कुणाला लागतसुद्धा नाही, नुसता पाठीमागून जातो, आणि अंपायर हात वर करून पिचरला थेट घरी पाठवतो. हा अन्याय आहे का, अंपायरच्या मनाला येईल तसं चालतं का, असे प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र केलीयेत.

बॉल लागला की मुळात होतं काय?

बॉल डेड होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, आणि बॅटरला फर्स्ट बेस फुकट मिळतो, बस. मुख्य अटी दोन: बॉल स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरचा, बॅटरने मारायला हवा असा भाग) असताना लागलेला नसावा आणि बॅटरने तो चुकवायचा थोडा तरी प्रयत्न केलेला असावा. दुसरी अट अंपायर क्वचितच वापरतात, पण वापरली की इतिहास घडतो. ३१ मे १९६८ ला डॉजर्सचा पिचर डॉन ड्रायस्डेल सलग पाचव्या शटआउटच्या (एकही रन न देता पूर्ण टाकलेली मॅच) मागे होता, नववी इनिंग, बेसेस फुल, म्हणजे तिन्ही बेसवर रनर, आणि जायंट्सच्या डिक डिट्झला बॉल लागला. म्हणजे रन गेला, शटआउट गेलं, सगळं गेलं. पण अंपायर हॅरी वेंडेलस्टेट म्हणाला की डिट्झ हललाच नाही, परत ये आणि बॅटिंग कर. डिट्झ आउट झाला, रन झाला नाही आणि ड्रायस्डेलची रन न देता टाकलेल्या इनिंग्जची मालिका पुढे ५८ पूर्णांक २/३ पर्यंत गेली.

नुसता बॉल लागण्याची शिक्षा एवढीच, एक बेस. कुणाला बाहेर काढणं हा पूर्ण वेगळा विषय आहे.

मग बाहेर काढायचा नियम कुठला?

नियम ६.०२(सी)(९). जुने लोक अजून ८.०२(डी) म्हणतात कारण २०१५ च्या आधी त्याचा नंबर तो होता. त्याचा अर्थ असा, की पिचरने मुद्दाम बॅटरवर बॉल टाकायचा नाही, आणि टाकलाय असं अंपायरला वाटलं तर त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, पिचरला किंवा पिचर आणि मॅनेजर (टीमचा मुख्य कोच) दोघांना लगेच बाहेर काढायचं. दोन, दोन्ही टीमच्या मॅनेजरना आणि त्या पिचरला वॉर्निंग द्यायची की आता पुन्हा असा बॉल पडला तर तो पिचर, किंवा त्याच्या जागी आलेला दुसरा, आणि त्याचा मॅनेजर, सगळे बाहेर.

यात बॉल लागलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. नियम टाकण्याबद्दल आहे, लागण्याबद्दल नाही. म्हणूनच पाठीमागून गेलेल्या बॉलवर पिचर बाहेर जाऊ शकतो आणि बरगडीत बसलेल्या बॉलवर कुणालाच काही होत नाही. नियमाखालच्या टिपेत डोक्यावर टाकण्याबद्दल एकदम कडक भाषा आहे, की हे खेळाला शोभणारं नाही, अतिशय धोकादायक आहे आणि अंपायरने इथे कच खाऊ नये.

एवढं कडक कशाला? बॉलच तर आहे.

पिचर ज्या पट्टीवरून टाकतो त्या रबरपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर, हल्ली फास्टबॉलचा सरासरी स्पीड ताशी १५० किलोमीटरच्या वर, म्हणजे बॅटरकडे अर्धा सेकंदही नसतो. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलँडचा रे चॅपमन यांकीजचा पिचर कार्ल मेजसमोर बॅटिंगला उभा होता, बॉल डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. मेजर लीगमध्ये पिचरचा बॉल लागून मेलेला तो एकमेव खेळाडू. १८ ऑगस्ट १९६७ ला बोस्टनच्या टोनी कॉनिग्लियारोच्या गालफडावर बॉल बसला, तेव्हा तो फक्त २२ वर्षांचा होता, डोळा कायमचा अधू झाला आणि सुपरस्टार होणारा माणूस झालाच नाही. नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं १९७१ मध्ये, म्हणजे चॅपमननंतर तब्बल अर्धशतकाने. हे सगळं डोळ्यासमोर ठेवूनच अंपायरकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

मुद्दाम टाकला की चुकून सुटला, हे अंपायरला कळतं कसं?

शंभर टक्के कुणालाच कळत नाही, पिचर सोडून. पण अंपायर अंदाजपंचे ठरवत नाहीत, त्यांच्याकडे खुणा असतात आणि त्या सगळ्या मिळून एक चित्र तयार होतं.

आधी हे लक्षात घ्या की अलीकडच्या सीझन्समध्ये साधारण दोन हजारांच्या आसपास बॅटर्सना बॉल लागतो, मॅचेस असतात २४३०, आणि यातले बहुतेक बॉल निव्वळ चुकून लागलेले असतात. पिचर आतल्या बाजूला जोरात टाकायला जातो, ग्रिप सुटते, बॅटर कोपराला गार्ड लावून प्लेटला चिकटून उभा असतो, झालं. म्हणजे अंपायर सुरुवात करतो ती 'चुकून असेल' इथूनच.

मग स्कोअर बघतात. तीन-तीन बरोबरी, आठवी इनिंग, फर्स्ट आणि सेकंडवर रनर, अशा वेळी कुठला पिचर शहाणपणाने बॅटरला बेस फुकट देईल? कुणीच नाही. पण सात रनांची लीड आहे, दोन आउट झालेत, बेसेस रिकामे आहेत, आणि मागच्या इनिंगला याच बॅटरने होमर (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारून बॅट भिरकावली होती, तर अंपायरचे कान आधीच टवकारलेले असतात.

मग बॉल कुठला होता ते. फास्टबॉल असेल तर संशय वाढतो, कर्व्हबॉल (वळणारा) किंवा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला) बॉलने सहसा कुणी सूड घेत नाही. कॅचरने, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल पकडणाऱ्याने, ग्लोव्ह कुठे धरला होता? बाहेरच्या कोपऱ्यावर मागितलेला बॉल दोन फूट आत आला तर एक तर पिचरचा बॉलवर ताबा नाही नाही तर मनात काहीतरी होतं, आणि तो पिचर एरवी कंट्रोलसाठी ओळखला जात असेल तर पहिली शक्यता मावळते. सगळ्यात वाईट खूण म्हणजे पाठीमागून आलेला बॉल. आतला बॉल दिसला की माणूस आपोआप मागे सरकतो, आणि बॉल पाठीमागे टाकला असेल तर तो सरकतो तो नेमका बॉलच्या वाटेत. म्हणून अनुभवी अंपायर पाठीमागचा बॉल न लागता गेला तरी त्याला लागलेल्या बॉलइतकाच गंभीर धरतात, आणि ते बरोबरच आहे.

पहिलाच बॉल असणं, आधीच्या मालिकेतलं भांडण, गेल्या वर्षीचं भांडण, आज सकाळी दोन्ही टीम्सनी पेपरवाल्यांना काय सांगितलं, हेही सगळं त्या चित्रात येतं. दोन टीम्समध्ये काही शिजत असेल तर लीग ऑफिसकडून अंपायरना आधीच सूचना गेलेली असते. कधी कधी तर मॅच सुरू व्हायच्या आधीच दोन्ही टीम्सना वॉर्निंग देतात, नियमात तशी सोय आहे.

आणि शेवटी बॉल लागल्यानंतरचे दोन सेकंद. पिचर काळजीने पुढे येतो की बॅटरकडे टक लावून बघत उभा राहतो, यावरून बरंच कळतं, फक्त यावर एकट्यावर कुणी निर्णय घेऊ नये कारण काही पिचर्सचा चेहरा मुळातच तसा असतो.

वॉर्निंग दोन्ही टीम्सना का? ज्याने टाकला त्यालाच द्या की!

हा प्रश्न चिडूनच विचारला जातो, आणि माझ्या मते चिडणं रास्त आहे. समजा आमच्या माणसाला मुद्दाम मारलं, अंपायरने दोन्ही बाजूंना वॉर्निंग दिली, तर त्यांचा एक बॉल टाकून झाला आणि आमचा पिचर आता आत टाकायलाही घाबरणार, कारण हात जरा घसरला तरी तो बाहेर. म्हणजे पहिला वार करणाऱ्याला तो फुकटात मिळतो.

लीगची बाजू अशी की भांडण तिथल्या तिथे मिटलं पाहिजे, कोण बरोबर होतं हा निवाडा नंतर ऑफिसात होईल. वॉर्निंगवर वाद घालायला मॅनेजर डगआउटमधून (टीमची बसायची जागा) बाहेर आला तर त्याला परत जायला सांगतात, आणि नाही ऐकलं तर तोही बाहेर. ही बाजू मला समजते, पण म्हणूनच मला वाटतं की पहिला बॉल उघड उघड मुद्दाम असेल तर वॉर्निंगच्या भानगडीत न पडता सरळ बाहेर काढावं. फुकटचा वार बंद करायचा दुसरा उपायच नाही.

वॉर्निंगशिवाय थेट बाहेर काढलंय असं खरंच झालंय का?

झालंय, आणि सगळ्यात गाजलेलं उदाहरण २८ मे २०१६ चं, न्यूयॉर्कचं सिटी फील्ड. त्याची पार्श्वभूमी अशी की ऑक्टोबर २०१५ च्या प्लेऑफमध्ये डॉजर्सच्या चेस अटलीने सेकंड बेसवर स्लाइड करताना मेट्सच्या रुबेन टेहाडाचा पाय मोडला होता. लीगने दोन मॅचेसची बंदी घातली, अटलीने अपील केलं आणि ती शेवटी मागे घेतली गेली. मेट्सचे फॅन्स खवळलेले, टीम खवळलेली. मग मे महिन्यात तिसऱ्या इनिंगला मेट्सच्या नोआ सिंडरगार्डने अटलीच्या पाठीमागून जवळजवळ ताशी १६० किलोमीटरचा बॉल टाकला. लागला नाही. प्लेट अंपायर अ‍ॅडम हमारीने एक क्षण न घालवता त्याला बाहेर काढलं. मॅनेजर टेरी कॉलिन्स धावत आला, भयंकर भडकला, तोही गेला.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या वेळचं मायक्रोफोनवरचं बोलणं बाहेर आलं. क्रू चीफ, म्हणजे त्या मॅचच्या अंपायर्सचा प्रमुख, टॉम हॅलियन कॉलिन्सला शांत करायचा प्रयत्न करत होता, आणि कॉलिन्सचं म्हणणं एकच, की लीगने अटलीला काही केलं नाही, आम्हाला एक संधी तर द्यायला हवी होती. हे ऐकताना कॉलिन्सबद्दल वाईट वाटतं, पण नीट विचार केला तर तो मागत होता ती संधी म्हणजे माणसाच्या अंगावर बॉल टाकायची संधी, आणि ती द्यायचा अधिकार कुठल्याच अंपायरला नाही. हमारीने केलं ते बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे. अटलीने त्याच मॅचमध्ये नंतर दोन होमर मारले, त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे बेसेस फुल असताना.

दुसरं उदाहरण १५ ऑगस्ट २०१८, अटलांटा. रोनाल्ड अकुन्या ज्युनियर सलग पाच मॅचेस होमर मारत होता, मार्लिन्सच्या होझे उरेन्याने मॅचचा पहिलाच बॉल ताशी १५७ किलोमीटरच्या स्पीडने त्याच्या कोपराजवळ घातला. अंपायर्सनी एकत्र येऊन चर्चा केली आणि उरेन्याला बाहेर काढलं. इथे कुठलं जुनं भांडण नव्हतं, पुरावा होता तो फक्त तो पहिलाच बॉल आणि अकुन्याचा फॉर्म, आणि तेवढा पुरेसा होता.

आणि अंपायर चुकलेत असं?

तेही झालंय. २०१७ चं बॉल्टिमोर आणि बोस्टनचं प्रकरण घ्या. एप्रिलमध्ये मॅनी मचाडोच्या स्लाइडने डस्टिन पेड्रोया जखमी झाला, मग मॅट बार्न्सने मचाडोच्या डोक्यामागून टाकला आणि बाहेर गेला, मे मध्ये क्रिस सेलने परत मचाडोच्या पाठीमागून टाकला. लीगने दोन्ही टीम्सना तंबी दिली. ३ मे ला दुसऱ्याच इनिंगला ओरिओल्सच्या केविन गॉसमनचा कर्व्हबॉल झँडर बोगार्ट्सला लागला, स्पीड ताशी १२५ च्या आसपास, आणि अंपायर सॅम होलब्रुकने त्याला बाहेर काढलं. कर्व्हबॉलवर! कॅचर केलेब जोसेफ रागाने वेडापिसा झाला होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

मी अंपायर लोकांच्या बाजूने बोलणारा माणूस आहे पण हा निर्णय मला आजही पटत नाही. वॉर्निंग असली तरी नियम 'मुद्दाम' हाच शब्द धरून चालतो, वॉर्निंगनंतर लागलेला प्रत्येक बॉल म्हणजे आपोआप बाहेर असं मुळीच नाही. तो सैल कर्व्हबॉल होता. वातावरण तापलेलं असलं की अंपायरलाही दडपण येतं आणि मग तो बॉलकडे न बघता वातावरणाकडे बघून ठरवतो, तिथे चूक होते.

अंपायरला वेळेत आवर घालता आला नाही तर काय होतं?

१२ ऑगस्ट १९८४, अटलांटा, ब्रेव्ह्ज विरुद्ध पाड्रेज. ब्रेव्ह्जच्या पास्कुआल पेरेझने मॅचचा पहिलाच बॉल अ‍ॅलन विगिन्सला मारला. पाड्रेजनी ठरवलं की पेरेझला मारल्याशिवाय सोडायचं नाही, आणि तेव्हा नॅशनल लीगमध्ये पिचर स्वतः बॅटिंगला यायचा. पेरेझ आला, एड व्हिटसनने त्याच्यावर टाकला. पुन्हा आला, पुन्हा टाकला, व्हिटसन आणि मॅनेजर डिक विल्यम्स बाहेर. मग ग्रेग बुकरने टाकला, तोही बाहेर. दर वेळी पेरेझ उड्या मारून वाचत होता. शेवटी आठव्या इनिंगला क्रेग लेफर्ट्सने त्याला मारलंच आणि मैदानावर युद्ध झालं, नवव्या इनिंगला दुसरं, त्यात प्रेक्षकसुद्धा उतरले, काहींना पोलिसांनी धरलं. डझनभरापेक्षा जास्त लोक बाहेर काढले गेले. विल्यम्सला दहा दिवसांची बंदी आणि दहा हजार डॉलर दंड झाला.

बघा, अंपायर्सनी माणसं बाहेर काढली होती, तरी थांबलं नाही, कारण पाड्रेजकडे एक गेला की दुसरा तयार होता. आजच्या नियमात 'त्याच्या जागी आलेला दुसरा पिचर' आणि 'मॅनेजर' हे शब्द किती महत्त्वाचे आहेत ते या एका मॅचवरून कळतं. मॅनेजरच्या खुर्चीला चटका बसल्याशिवाय हे प्रकार थांबत नाहीत.

अगदी अलीकडचं बघायचं तर २६ जून २०२२, एंजल्स आणि मरिनर्स. आदल्या रात्री माइक ट्राउटच्या डोक्याजवळून बॉल गेला होता. दुसऱ्या दिवशी एंजल्सच्या अँड्रू वाँट्झने पहिल्याच इनिंगला हुलिओ रॉड्रिगेझच्या डोक्यामागून टाकला, अंपायरने वॉर्निंगवर भागवलं. पुढच्या इनिंगला त्याच वाँट्झने जेसी विंकरला मारलं आणि मग जी हाणामारी झाली त्यात बारा जणांना मिळून ४७ मॅचेसची बंदी झाली, त्यात मॅनेजर फिल नेविनला एकट्याला दहा. पहिल्याच बॉलवर वाँट्झ बाहेर गेला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

बॅटर पिचरवर धावून गेला तर?

तो बाहेर, यात अंपायरला फार डोकं चालवावं लागत नाही. ४ ऑगस्ट १९९३ ला टेक्सासच्या ४६ वर्षांच्या नोलन रायनने २६ वर्षांच्या रॉबिन व्हेंटुराला मारलं, व्हेंटुरा धावून गेला, रायनने त्याचं डोकं काखेत धरून ठोसे लावले. बाहेर गेला व्हेंटुरा, आणि त्याचा मॅनेजरही. रायन खेळत राहिला. लोक हा किस्सा कौतुकाने सांगतात, पण ठोसे लावणारा पिचर मैदानावर राहतो हे मला तेव्हाच्या अंपायरिंगचं अपयश वाटतं. म्हणूनच बॉल लागला रे लागला की प्लेट अंपायर सगळ्यात आधी चालत बॅटर आणि पिचरच्या मध्ये जाऊन उभा राहतो. बॅटर रागात दोन पावलं पुढे आला तर तिसरं टाकायच्या आत समोर अंपायर किंवा कॅचर पाहिजे.

क्रिकेटच्या बीमरसारखंच आहे का हे?

थोडंफार. क्रिकेटमध्ये कमरेच्या वरचा फुलटॉस नो-बॉल असतो, अंपायरला तो धोकादायक वाटला तर पहिली आणि शेवटची वॉर्निंग, परत तसा टाकला तर त्या इनिंगमध्ये बॉलिंग बंद. तिथे मुख्यतः धोका होता का हे बघतात, मुद्दाम टाकला हे सिद्ध करावं लागत नाही. बेसबॉलमध्ये बॉल टप्पा घेत नाही, छातीच्या उंचीपर्यंतचा बॉल रोजचाच, म्हणून मग हेतू शोधत बसावं लागतं.

जपानच्या प्रोफेशनल लीगने मात्र क्रिकेटच्या जवळचा रस्ता धरलाय. तिथे फास्टबॉल थेट डोक्याला लागला की पिचर बाहेर, मुद्दाम असो वा नसो. कोरियातही तसंच. बिचाऱ्या निष्पाप पिचरवर अन्याय होतो हे खरं, पण डोक्याच्या बाबतीत मला हाच नियम मेजर लीगमध्येही हवा आहे.

हे व्हिडिओ रिप्लेवर का बघत नाहीत?

बॉल लागला की नाही हे रिप्लेवर बघता येतं. हेतू बघता येत नाही, त्यामुळे बाहेर काढायच्या निर्णयाला चॅलेंज नाही. २०२६ पासून स्ट्राइक झोनसाठी कॅमेऱ्याची चॅलेंज पद्धत आली तरी हा भाग माणसाकडेच राहिलाय. मैदानावरचे चार अंपायर आपसात बोलू शकतात, आणि क्रू चीफने नव्या अंपायरला दोन शब्द सांगणं अगदी नेहमीचं आहे.

अंपायरने सोडलं तर पिचर सुटला का?

नाही. लीग ऑफिस नंतर व्हिडिओ बघून बंदी घालू शकतं. ६ मे २०१२ ला फिलाडेल्फियाच्या कोल हॅमल्सने १९ वर्षांच्या ब्राइस हार्परला पाठीत मारलं, मॅचमध्ये कुणी त्याला बाहेर काढलं नाही, नंतर हॅमल्सने स्वतःच मुद्दाम मारल्याचं कबूल केलं आणि पाच मॅचेसची बंदी घेतली. २०२० मध्ये डॉजर्सच्या जो केलीला अ‍ॅस्ट्रोजच्या बॅटर्सवर टाकल्याबद्दल आठ मॅचेस मिळाल्या, अपिलानंतर पाच, आणि मैदानावर त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं.

पण यात एक मोठी पळवाट आहे. स्टार्टिंग पिचर (मॅच सुरू करणारा) मुळात पाच दिवसांतून एकदा टाकतो, त्याला पाच-सहा मॅचेसची बंदी म्हणजे फार तर एक-दोन दिवस उशिरा मैदानात. उरेन्याला सहा, हॅमल्सला पाच, याने काय फरक पडतो? रोज खेळणाऱ्या बॅटरला तीच बंदी खूप महाग पडते. म्हणूनच मैदानावर त्याच क्षणी बाहेर काढणं हीच स्टार्टरला खरी लागणारी शिक्षा आहे, टीमला उरलेल्या सगळ्या इनिंग्ज बुलपेनवर, म्हणजे राखीव पिचर्सवर, काढाव्या लागतात.

बाहेर काढल्यावर टीम एक माणूस कमी घेऊन खेळते का?

नाही, फुटबॉलच्या रेड कार्डसारखं नाही. बुलपेनमधून दुसरा पिचर येतो, आणि अचानक यावं लागल्यामुळे त्याला वॉर्मअपसाठी अंपायर हवा तेवढा वेळ देऊ शकतो. बाहेर काढलेला माणूस त्या मॅचमध्ये परत येत नाही. त्याने क्लबहाउसमध्ये बसायचं, नाहीतर साधे कपडे घालून स्टेडियम सोडायचं, किंवा प्रेक्षकांत बसायचं पण आपल्या डगआउटपासून आणि बुलपेनपासून लांब.